बॅक्युला: रिटेन्शन ३० दिवस केलं तरी व्हॉल्यूम रिसायकल होत नाही, डिस्क भरत आलीये

प्रश्न

नमस्कार मंडळी, एका सीए ऑफिसचा सर्व्हर मी सांभाळतो, डेबियन लिनक्सवर बॅक्युला (बॅकअपचं सॉफ्टवेअर) आहे, टेप वगैरे नाही, २ टीबीच्या डिस्कवर फाइल व्हॉल्यूम (ज्या मोठ्या फाइलीत बॅकअप साठतो ती). रविवारी रात्री फुल (पूर्ण बॅकअप) होतो साधारण १२० जीबी, बाकीचे सहा दिवस इन्क्रिमेंटल (फक्त बदललेलं), रोजचे ५ जीबी धरा. अकरा आठवडे झाले आणि १.६ टीबीची एकच फाइल तयार झालीये. पूलमध्ये (व्हॉल्यूमच्या गटात) व्हॉल्यूम रिटेन्शन (डेटा राखायची मुदत) ३६५ दिवस होतं ते ३० केलं, ऑटोप्रून (मुदत संपलेल्या नोंदी आपोआप काढणं) आणि रिसायकल (व्हॉल्यूम परत वापरणं) दोन्ही यस आहेत, डायरेक्टर (बॅक्युलाचा मुख्य प्रोग्राम) रीलोड केला, काहीच फरक नाही. लिस्ट मीडिया मारलं की स्टेटस अपेंड (म्हणजे अजून लिहिणं चालू). जुलैअखेरची रिटर्नची गर्दी तोंडावर आलीये, आत्ता बॅकअप थांबून चालणार नाही. फाइल हाताने उडवू का?

प्रतिसाद १

नका उडवू! कॅटलॉगला (बॅक्युलाच्या नोंदींच्या डेटाबेसला) वाटत राहील की फाइल आहे, आणि पुढचा जॉब तीच शोधत अडकेल.

तुमचं उत्तर त्या अपेंडमध्येच आहे. रिटेन्शनचे दिवस शेवटचं लिखाण झालं तिथून मोजतात, आणि तुमच्या व्हॉल्यूमवर रोज रात्री लिहिलं जातंय, म्हणजे ३० दिवस कधी भरणारच नाहीत. व्हॉल्यूमचं स्टेटस आधी फुल (भरला) किंवा यूज्ड (लिहिणं बंद) व्हायला लागतं, मग मुदत, मग प्रून, मग पर्ज्ड (सगळ्या नोंदी निघालेला), आणि तेव्हा कुठे रिसायकल. त्याला कुठेतरी थांबवणारी मर्यादा तुम्ही दिलेलीच नाही. व्हॉल्यूम यूज ड्युरेशन (एका व्हॉल्यूमवर किती काळ लिहायचं ते) टाका, आणि बरोबर ७ दिवस नका देऊ, ६ दिवस १२ तास द्या, कारण पुढच्या रविवारचा जॉब दोन मिनिटं जरी लवकर लागला तरी तो जुन्याच फाइलमध्ये जातो, मी यात एक आख्खा आठवडा घालवलाय.

दुसरं म्हणजे कॉन्फिगमधला बदल आधीच बनलेल्या व्हॉल्यूमला आपोआप लागत नाही, व्हॉल्यूम बनतो तेव्हाच पूलच्या किमती कॅटलॉगमध्ये कॉपी होतात. बीकन्सोलमध्ये (बॅक्युलाला कमांड द्यायच्या प्रोग्राममध्ये) अपडेट, मग व्हॉल्यूम पॅरामीटर्स, मग ऑल व्हॉल्यूम्स फ्रॉम पूल. हे न केल्यामुळे तुमचा व्हॉल्यूम अजून ३६५ वरच बसलाय.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर, हिशोब मी देतो. आठवड्याचा एक व्हॉल्यूम १५० जीबीचा. पहिला सहाव्या दिवशी संपला तर छत्तिसाव्या दिवशी मोकळा होतो, तोवर सहावा सुरू झालेला असतो. म्हणजे किमान सहा लागतात, मॅक्सिमम व्हॉल्यूम्स ७ ठेवा, १०५० जीबीत बसतं. लेबल फॉरमॅट (नवीन व्हॉल्यूमला आपोआप नाव द्यायचा साचा) दिलेला असू द्या, नाहीतर मध्यरात्री जॉब नवीन व्हॉल्यूमची वाट बघत उभा राहील.

पर्ज ओल्डेस्ट व्हॉल्यूम मात्र यस करू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. ते रिटेन्शन बघतच नाही, सगळ्यात जुना घेऊन पुसून टाकतं. रिसायकल ओल्डेस्ट व्हॉल्यूम निदान मुदत पाळतं. आणि पुढे कधी फुल महिन्यातून एकदा केलात तर ३० दिवस पुरणार नाहीत, फुल पुसला गेला की त्यावर टेकलेले इन्क्रिमेंटल हातात राहून उपयोग नाही.

मूळ प्रश्नकर्ता

खूप आभार दोघांचे. एक अडचण, जुना १.६ टीबीवाला आज यूज्ड केला तरी अजून महिनाभर जागा अडवणार, आणि तेवढी जागा माझ्याकडे नाहीये.

प्रतिसाद १

एक बाहेरची डिस्क लावा, तिच्यावर वेगळा पूल आणि स्टोरेज करून नवीन फुल घ्या, त्यातून चार-पाच फोल्डर दुसरीकडे रिस्टोर करून उघडून बघा. टॅलीचा डेटा उघडतोय ना, ते क्लायंटलाच बघू द्या. त्यानंतरच जुना पर्ज करा, मग डिलीट व्हॉल्यूम, आणि शेवटी फाइल डिस्कवरून काढा. डिलीटने फक्त कॅटलॉगमधली नोंद जाते, फाइल तिथेच असते. नुसतं पर्ज केलं तरी जागा सुटत नाही बरं का, अ‍ॅक्शन ऑन पर्ज ट्रंकेट लावून ट्रंकेट कमांड चालवली तरच फाइल छोटी होते.

मूळ प्रश्नकर्ता

शनिवारी डिस्क आणली, फुल घेतला, रिस्टोर करून टॅली उघडलं, आकडे जुळले. जुना काढला. काल रविवारचा जॉब नवीन व्हॉल्यूममध्ये गेला, १२२ जीबी. आता छत्तिसाव्या दिवसानंतरच्या रविवारी पहिला व्हॉल्यूम खरंच परत वापरला जातोय का ते बघून इथे लिहितो.