विंडोज, लिनक्स आणि मॅक एकाच नेटवर्कवर: आपले अनुभव लिहा

नाशिकमध्ये अंबड-सातपूरच्या कारखान्यांपासून कॉलेज रोडवरच्या कार्यालयांपर्यंत एकाच राऊटरला विंडोज, लिनक्स आणि मॅक जोडलेले दिसतात. युनिक्सवर्गीय (लिनक्स, मॅक यांसारख्या) संगणकांना विंडोजची एसएमबी ही फाईल-देवाणघेवाणीची बोली शिकवणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली, तरीही फाईल इकडून तिकडे नेताना माणसे आजही अडतात. नेमके काय बिघडले आणि ते कशाने सुटले, हे कृपया तपशिलाने लिहावे.

वर्कशॉपचालक, अंबड

आमच्या दोन सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या) मशीनच्या कंट्रोलरमध्ये विंडोज एक्सपी आहे आणि त्याला एसएमबीची फक्त पहिली आवृत्ती कळते. ऑफिसात नवा संगणक आला आणि मशीनचे शेअर फोल्डर त्यावर दिसेना, कारण आताच्या विंडोजमध्ये ही आवृत्ती मुळात बंद ठेवलेली असते. ती सुरू करता येते, आणि मला तसा सल्लाही मिळाला होता. परंतु मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाईली अडवून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच आवृत्तीतील त्रुटीचा फायदा घेऊन, आणि आमचे सगळे हिशेब त्याच संगणकावर असल्यामुळे मी ते मान्य केले नाही. पडून असलेल्या एका संगणकावर लिनक्स टाकले आणि त्यात दोन नेटवर्क कार्डे बसवली: एकाला फक्त मशीन, दुसऱ्याला ऑफिस. हा लिनक्स संगणक सीएनसी मशीनचे फोल्डर जुन्या आवृत्तीने जोडून घेतो, दर पाच मिनिटांनी प्रोग्रॅम पोहोचवतो आणि ऑफिसशी मात्र सांबामार्फत नव्या आवृत्तीनेच बोलतो. जॉबचा प्रोग्रॅम काही केबींचाच असतो, त्यामुळे कोणाचे काम अडत नाही.

करसल्लागार, शरणपूर रोड

आमचे सांबाचे फोल्डर वर्षानुवर्षे बिनपासवर्डाचे होते. विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती आली आणि ते उघडेना, कारण पाहुण्या (बिनपासवर्डाच्या) खात्याने आत जाणे तिने बंद केले आहे. मी प्रत्येकाला स्वतंत्र खाते दिले. तेव्हा नवाच प्रश्न उभा राहिला: एकाने तयार केलेली फाईल दुसऱ्याला उघडता येई, पण जतन करता येत नसे. सर्वांना एका गटात घालून नव्या फाईलला गटाची लेखनपरवानगी आपोआप मिळेल, असे सांबात लिहिल्यावर ते मिटले.

द्राक्ष निर्यात कार्यालय, दिंडोरी रोड

आमची अडचण मराठीतच दडलेली होती, म्हणून सविस्तर लिहितो. लेबलची कामे होत असलेल्या जुन्या मॅकवरील फोल्डर झिप करून आम्ही लिनक्स सर्व्हरवर उघडले. दुसऱ्या दिवशी तेथे ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावाच्या दोन फाईली शेजारी शेजारी दिसत होत्या. अक्षर न् अक्षर सारखे, काना-मात्रेचाही फरक नाही. एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाईली राहूच शकत नाहीत, असे मी सहकाऱ्यांना ठामपणे सांगितले, आणि ते माझे चुकले. आठवडाभर दोघे जण दोन वेगळ्या याद्यांत बागांच्या नोंदी करत राहिले.

शेवटी टर्मिनलमध्ये दोन्ही नावांचे बाइट उघडून पाहिले. एकात ‘ऱ’ हे एकच चिन्ह होते, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि त्यामागे नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असे वेगळे चिन्ह. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाईल-व्यवस्था नाव साठवताना ‘ऱ’ असा फोडून ठेवते; लिनक्स मात्र नावाचे बाइट जसेच्या तसे ताडून पाहतो, म्हणून त्याच्या लेखी ही दोन नावे. शेतकऱ्यांची, व्यापाऱ्यांची, कर्मचाऱ्यांची, अशी कार्यालयातली निम्मी नावे याच अक्षराने अडलेली निघाली. याद्या हाताने एकत्र केल्या आणि बाकीची नावे कन्व्हएमव्ही या नावे बदलणाऱ्या साधनाने जोड-रूपात, म्हणजे ‘ऱ’ एकाच चिन्हाने लिहिलेल्या रूपात, आणली. मॅकच्या एपीएफएस या नव्या फाईल-व्यवस्थेत नाव दिले तसेच राहते, तरीही जुन्या मॅकवरून काही घेण्यापूर्वी ‘ऱ’ असलेली नावे तपासावीत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आर्किटेक्ट, गंगापूर रोड

वरचा अनुभव वाचून आमच्याही याद्या तपासल्या. तीन जोड्या निघाल्या. एक भर घालतो. लिनक्सवर ‘तळमजला: सुधारित’ असे नाव चालते, पण विंडोजला नावात अपूर्णविराम चालत नसल्यामुळे सांबा तेथे भलतेच आखूड नाव दाखवतो. आम्ही आता त्या जागी आडवी रेघ लिहितो.