अनुभव धागा : कॅम्पच्या जागेवर तुम्हाला काय काय सापडलं?

रानात, डोंगरात, तळ्याकाठी तंबू टाकणारे आपल्यात बरेच आहेत, शिकाऱ्यांबरोबर जाणारेही काही आहेत. हा धागा त्यांच्यासाठी. 'लोकांना अक्कल नाही' हे आपल्या सगळ्यांचं पाठ आहे, ते परत नको. नेमकं लिहा. जागेवर पोचल्यावर काय दिसलं, ते तिथे कसं आलं असेल आणि तुम्ही त्याचं काय केलंत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. उघड्यावर पडलेल्या बाटल्या-पिशव्या हा त्यातल्या त्यात सोपा भाग, दिसतात तरी, उचलल्या की झालं. खरा ताप त्या कचऱ्याचा जो टाकणाऱ्याच्या मते कचराच नसतो. जाळलेला, पुरलेला, 'कुजेल की आपोआप' म्हणून फेकलेला, नाहीतर 'पुढच्याला उपयोगी पडेल' म्हणून मुद्दाम ठेवलेला. आणि हे करणारे स्वतःला निसर्गप्रेमी समजतात हे वर. पटत नसेल तर तसंही लिहा. जागांची नावं मात्र नकोत, नाहीतर पुढच्या शनिवारी सगळी गर्दी तिथेच.

–––

शेकोटीपासून सुरुवात करतो कारण आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. दगडांचं कडं दिसलं की लोकांना वाटतं यात काहीही टाका, गायब होतं. गायब वगैरे काही होत नाही. आम्ही आता पेटवायच्या आधी जुनी राख फावड्याने बाजूला काढून बघतोच, आणि एका ठिकाणी तर राखेपेक्षा इतर मालच जास्त निघाला. फॉइलचे काळे पडलेले चुरगळे, कॅन वितळून झालेले चपटे गोळे ज्यात खडे आणि काटक्या रुतून बसलेल्या, ज्यूसच्या खोक्याचा आतला चंदेरी पापुद्रा अगदी जसाच्या तसा (वरचा पुठ्ठा तेवढा जळलेला), तंबूच्या ताडपत्रीची पितळी रिंग, आणि तळाशी मूठभर खिळे. खिळे कुठून आले हे आधी कळेना, मग लक्षात आलं की कोणीतरी लाकडी पॅलेट (माल ठेवायचा फळ्यांचा चौथरा) आणून जाळलंय. लाकूड गेलं, खिळे राहिले, आणि पुढचा माणूस तिथेच गाडी लावणार किंवा अनवाणी फिरणार.

अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणजे चांगल्या निखाऱ्यात त्याचा फार तर गोळा होईल, नाहीसं होणार नाही. काचेचं तर त्याहून वाईट, ती तडकते आणि तुकडे राखेत लपतात. आमच्यातल्या एकाने हातानेच राख सारली आणि अंगठा चिरून घेतला, तेव्हापासून फावडं. प्लास्टिक जाळणाऱ्यांबद्दल काय बोलायचं, तो धूर आधी स्वतःच्याच पोरांच्या नाकात जातो.

–––

वरच्याला +१. आणि ती चंदेरी वेफर्सची पाकिटं! लोकांना तो कागद वाटतो. प्लास्टिक आहे ते, त्यावर धातूचा मुलामा.

–––

पुरलेल्या कचऱ्याबद्दल एवढंच सांगते की जनावराचं नाक आपल्यासारखं नसतं. आम्ही संध्याकाळी पोचलो तेव्हा जागा एकदम स्वच्छ दिसत होती, सगळे खूष. सकाळी उठून बघतो तर तंबूपासून दहा-बारा पावलांवर खड्डा उकरलेला आणि आजूबाजूला माशांचे डबे, डायपर, चिकनची हाडं. रात्री कोल्हा येऊन गेला असणार, पायाचे ठसे लहान होते. एका डब्याची कडा आतल्या बाजूने चाटून चाटून लख्ख झालेली, आणि ती कडा ब्लेडसारखी, त्याच्या जिभेचं काय झालं असेल कोण जाणे. ज्याने पुरलं त्याने आपल्या मते व्यवस्थितच केलं होतं, वर दगडसुद्धा ठेवला होता. सगळं गोळा करून घरी आणलं, डायपरसकट. गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही.

–––

शिकाऱ्यांच्या कॅम्पवर मी जाते, तर त्यांच्याबद्दल लिहिते. मी स्वतः बंदूक धरत नाही, ग्रुपमधले सगळे परवाना काढून, सीझन पाळून जाणारे आहेत, माझ्याकडे स्वयंपाक आणि फोटो. दोन्ही टोकं बघितलीत. एक आजोबा आहेत, बार काढल्यावर बंदूक उघडताना टरफलं बाहेर उडतात ना, ते तळवा आडवा धरून अचूक झेलतात आणि खिशात टाकतात, इतक्या वर्षांची सवय की लक्षही नसतं त्यांचं. आणि त्याच रानात तळ्याकाठच्या लपणीत गेलात तर पायाखाली लाल-हिरव्या प्लास्टिकच्या टरफलांचा नुसता खच. पितळी बूड गंजतं-काळवंडतं, प्लास्टिकला काही होत नाही.

टरफलं उचलता तरी येतात. पण काडतुसात छऱ्यांना धरून ठेवणारी प्लास्टिकची छोटी वाटी असते, वॉड म्हणतात, ती छऱ्यांबरोबरच उडते आणि बरीच पुढे जाऊन गवतात नाहीतर पाण्यात पडते. ती शोधायला कोणी जात नाही, खरं सांगायचं तर शक्यही नसतं. कागदी किंवा कुजणाऱ्या वॉडची काडतुसं आता मिळतात, आमच्यातले दोघं-तिघं तीच घेतात, बाकीचे महाग म्हणून नाकं मुरडतात.

अजून एक गोष्ट बिगरशिकाऱ्यांना माहीत नसेल. जखमी जनावराचा माग काढताना रक्ताचा थेंब दिसेल तिथे फांदीला रंगीत प्लास्टिकची रिबीन बांधत जातात, म्हणजे माग चुकला तर मागे येऊन परत सुरू करता येतो. पद्धत चांगली आहे, जनावर तडफडत राहण्यापेक्षा सापडलेलं बरं. पण ते सापडलं की सगळ्यांच्या अंगात उत्साह, अंधार पडत आलेला, रिबिनी काढायला मागे कोण जाणार? आम्हाला एकदा अशी एक जुनी लाईन दिसली, गुलाबी रिबिनी, उन्हाने पांढऱ्या पडलेल्या, झाडं संपेपर्यंत. मी काढत काढत शेवटपर्यंत गेले. मचाण बांधायचे पट्टे पण तसेच राहतात, झाड वाढतं आणि पट्टा सालीत रुततो, मग कापूनच काढावा लागतो.

–––

छऱ्यांवरून आठवलं, मी पक्षी बघणारा. बदकं, हंस वगैरे दाणे दळायला बारीक खडे गिळतात आणि तळ्याच्या गाळातले शिशाचे छरे त्यांना खड्यांसारखेच वाटतात. पोटात शिसं झिजतं, रक्तात जातं, पक्षी हळूहळू मरतो. म्हणूनच डेन्मार्कने १९९६ मध्ये शिशाच्या छऱ्यांवर बंदी आणली, अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी १९९१ पासून देशभर बंदी आहे, युरोपियन युनियनमध्ये पाणथळ जागांसाठी २०२३ पासून. म्हणजे स्टीलचे छरे वापरून शिकार होते, शिकार बंद पडली नाही.

कॅलिफोर्निया काँडॉर या पक्ष्याचं तर अजूनच भयानक आहे. १९८७ मध्ये जगात फक्त २७ उरले होते, सगळेच्या सगळे पकडून पिंजऱ्यात वाढवले आणि मग परत सोडले. सोडलेल्यांना मारलं कोणी, तर सगळ्यात जास्त शिशाने, कारण हे गिधाडाच्या जातीचे, शिकाऱ्याने मागे सोडलेली आतडी खातात आणि त्यात गोळीचे कण असतात. आणि पिल्लांचं वेगळंच. आईबाप हाडांचे तुकडे समजून बाटल्यांची बुचं, काचा, नट-वॉशर, वायरीचे तुकडे आणून भरवतात, पिल्लाचं पोट त्यानेच भरतं. बूच एवढंसं तर असतं, त्याने काय होतंय असं म्हणणाऱ्याला मी हेच सांगतो. तो ऐकून घेतो आणि पुढचं बूच फेकतो, तो भाग वेगळा.

–––

मला हे सगळं थोडं एकतर्फी वाटतंय. बहुतेक जागी कचऱ्याचा डबाच नसतो, असला तर शनिवार दुपारपर्यंत भरून वाहतो. फॅमिली, तंबू, लहान मुलं, मध्ये लांबचा प्रवास, त्यात तीन दिवसांचा वास मारणारा कचरा गाडीत घेऊन फिरायचं? लोक पिशवीला गाठ मारून डब्याशेजारी नीट ठेवतात, ते काही गुन्हेगार नाहीत. सोय करा ना आधी.

–––

ताई/दादा जे कोण असाल, गाठ मारलेली पिशवी डब्याशेजारी ठेवणं म्हणजे रात्रीच्या पाहुण्यांना वाढून ठेवणं आहे. मी अशा एका कॅम्पग्राउंडवर सीझनभर काम केलंय. डबे वाढवले की कचरा कमी होत नाही, लोक जास्त आणतात, घरातली जुनी गादीसुद्धा आणून टाकलेली बघितलीये. आणि अस्वलांच्या भागात तर हा खेळ जिवावरचा. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात पूर्वी कचरा उघड्या उकिरड्यांवर टाकायचे, ग्रिझली अस्वलं तिथे जेवायला यायची आणि पर्यटक ती गंमत बघायला. १९७० च्या सुमारास उकिरडे बंद केले, तर पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगलेली अस्वलं कॅम्पग्राउंडकडे वळली आणि त्यातली कितीतरी शेवटी मारावी लागली. त्यात अस्वलांचा काय दोष?

सोय हवी हे मान्य. पण तुम्ही भरलेले डबे आणि पाकिटं नेताच ना तिथपर्यंत, रिकामी झाल्यावर ती हलकीच होतात.

–––

कोणी बोलत नाहीये म्हणून मीच बोलते. टॉयलेट पेपर. झुडपांमागे फुलं उमललीयेत असं लांबून वाटतं आणि जवळ गेल्यावर कळतं काय ते. पाऊस पडून गेल्यावर तर बघवत नाही.

नियम काही अवघड नाही, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा, पाण्यापासून, वाटेपासून आणि कॅम्पपासून साठेक मीटर लांब, काम झालं की माती ओढायची. एक छोटं प्लास्टिकचं खुरपं लागतं बस. पेपर शक्यतो झिप पिशवीत परत आणायचा, पिशवीला बाहेरून टेप गुंडाळली की आतलं दिसत नाही. आणि वेट वाइप्स हा कागद नाही हो, बऱ्याचशा वाइप्समध्ये प्लास्टिकचे धागे असतात, वर्षानंतर त्याच जागी त्याच फडक्याला भेटाल. सिगारेटच्या थोटकाचंही तेच, फिल्टर म्हणजे कापूस नाही.

आमच्या ग्रुपमध्ये नवीन कोणी आलं की खुरपं आधी हातात देते. चेहरे बघण्यासारखे असतात.

–––

'पुढच्याला उपयोगी' या प्रकाराचा मला सगळ्यात जास्त राग येतो कारण त्यात चांगुलपणाचा आव असतो. अर्धी गॅसची नळकांडी (पुढच्याला कसं कळणार किती उरलाय आणि वॉल्व्ह धड आहे का), तुटक्या पायाची खुर्ची, झाडांना बांधलेली निळी ताडपत्री. त्या ताडपत्रीचं काय होतं ते बघितलंय कोणी? उन्हाने ती कुरकुरीत होते, हात लावला की निळ्या पातळ पट्ट्या सुटतात आणि वाऱ्यावर जातात. आम्ही तिघांनी मिळून एक खाली काढायला घेतली, अर्धी हातात आली, बाकीची अख्ख्या उतारावर, गवताच्या मुळापर्यंत. दोरी नायलॉनची, तिला मात्र काहीच झालं नव्हतं.

मासेमारीची तंगूसही त्यातलीच. दिसत नाही, कुजत नाही, पक्ष्याचा पाय अडकला की संपलं. कात्री ठेवा बरोबर.

–––

कोणाला टोकलंय का कधी? मी टोकलंय आणि भांडण झालंय. आता वेगळं करते. शेजारच्या ग्रुपला रिकामी मोठी पिशवी नेऊन देते, 'आमच्याकडे जास्तीची आहे, लागेल तुम्हाला' एवढंच म्हणते, सल्ला नाही. दारू चढायच्या आधी जायचं, म्हणजे संध्याकाळी. दरवेळी चालतं असं नाही, एकदा तीच पिशवी भरून आमच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवून गेले.

–––

बॉनेटवर 😂 निदान भरली तरी!

–––

मला भीती वेगळीच वाटते, या लोकांमुळे सगळ्यांचीच दारं बंद होतात. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने कुठेही जबाबदारीने तंबू टाकायचा हक्क मिळाला, जगात फार थोड्या ठिकाणी असं आहे. पण लॉक लोमंड तळ्याच्या पूर्व काठावर कचरा, तोडलेली झाडं, सोडून दिलेले तंबू इतके वाढले की २०११ पासून तिथे निर्बंध आले आणि २०१७ पासून ते बाकीच्या गजबजलेल्या काठांवरही लागू झाले. मार्च ते सप्टेंबर परमिटशिवाय तंबू नाही. ज्याने एक काडी मागे सोडली नाही त्यालाही परमिट. एव्हरेस्टवर नेपाळने २०१४ मध्ये प्रत्येक गिर्यारोहकाला स्वतःच्या सामानाखेरीज ८ किलो कचरा खाली आणायची अट घातली तीसुद्धा आपणहून कोणी आणेना म्हणूनच. खाजगी मालकांचं तर विचारूच नका, एका शेतकऱ्याने आम्हाला फाटकातूनच परत पाठवलं. आधीच्या ग्रुपची काच त्याच्या गाईच्या खुरात गेली होती. काय बोलणार त्याला?

–––

वाचतोय सगळं. एक प्रॅक्टिकल शंका, रात्री कचऱ्याची पिशवी ठेवता कुठे? तंबूत वास येतो, बाहेर ठेवली तर वर कोल्ह्याचं वाचलंच.

–––

तंबूत अजिबात नाही. जे नियम खाण्याला तेच कचऱ्याला. अस्वलं नसतील तर गाडीत, काचा पूर्ण वर. अस्वलांच्या भागात गाडीवरही भरवसा नको, दार उचकटतात, तिथे तो घट्ट झाकणाचा अस्वल-प्रूफ डबा किंवा कॅम्पवर लोखंडी पेटी असते ती. आम्ही निघतानाच घरी सगळी पाकिटं फोडून सामान डब्यांत भरतो, म्हणजे वेष्टनं घरीच राहतात आणि कचरा निम्मा होतो. उरलेला धुऊन, चेपून झाकणाच्या बादलीत. टूथपेस्टची ट्यूबपण त्यातच टाका, तिचाही वास जातो लांबवर.