थाळीफेक सोडून शूटिंगला? भाच्याबद्दल विचारायचं होतं

तासगावची आत्या
नमस्कार मंडळी. भाऊ-वहिनी हैराण झालेत म्हणून विचारतेय. भाचा बारावीत, सहा फूट दोन इंच, थाळीफेक करतो. गेल्या वर्षी विभागीयला दुसरा आला. दिवाळीत मित्राबरोबर वाईला शूटिंगमध्ये गर्दीत उभा राहायला गेला, दोन दिवस मावळा झाला. तिथं कुणीतरी म्हणालं, "पर्सनॅलिटी आहे तुझी, मुंबईला ये." झालं. मैदान बंद. मांजर तोंड घालतं म्हणून वहिनीनं त्याची थाळी दुधाच्या पातेल्यावर वजन म्हणून ठेवलीय. बोलायला गेलं की म्हणतो, महाभारतातला भीमपण थाळीफेकवालाच होता. खरं आहे का हे? आणि खरं असलं तर याला सांगायचं काय?

कृष्णाकाठ
खरंय. प्रवीणकुमार सोबती. 'शहेनशाह'मध्ये बच्चनशी मारामारी करतो तो मुख्तारसिंगपण तोच.

निवृत्त पीटी, विटा
ताई, पोरगं खरं बोलतंय, पण अर्धंच. त्याला म्हणावं, सालं ओळीनं मांड.

प्रवीणकुमार पंजाबातला, जन्म १९४७चा. १९६६ला बँकॉकच्या आशियाईत थाळीफेकीचं सुवर्ण. त्याच वर्षी किंग्स्टनच्या राष्ट्रकुलात हातोडाफेकीचं रौप्य. १९७०ला परत बँकॉक, परत सुवर्ण. १९७४ला तेहरानला रौप्य. मधे मेक्सिको आणि म्युनिक, दोन ऑलिम्पिक. सीमा सुरक्षा दलात नोकरी. एवढं सगळं पदरात पडल्यावर, ऐंशीच्या आसपास सिनेमात आला. ऑक्टोबर १९८८मध्ये महाभारत लागलं तेव्हा गडी चाळिशीचा होता.

मी तेव्हा नोकरीत नवा. रविवारी सकाळी शेजारच्यांच्या सोप्यात सगळी गल्ली जमायची, दारात चपलांचा ढीग. लोक गदा बघायचे, मी त्याचे पाय बघायचो. गदा फिरवताना जोर खांद्यातून नाही यायचा. आधी टाच वळायची, मग कंबर, हात सगळ्यात शेवटी. अडीच मीटरच्या रिंगणात हजारो गिरक्या मारलेला माणूस लपत नाही. (आमच्या चिरंजीवांना हे आजही पटत नाही. म्हणतात, बाबा, तुम्हाला सगळीकडं थाळीच दिसते.)

नट म्हणून? फार मोठा नव्हता, माझं मत. सिनेमात बहुतेक मार खायलाच ठेवला होता त्याला. भीम मात्र शोभला. भीमाला काय, रागवायचं, जेवायचं आणि थोरल्याचं ऐकायचं.

आता तो दारासिंगचं नाव काढेल. तेही सांगून ठेवतो. १९६८ला मुंबईत अमेरिकेच्या लू थेझ या नावाजलेल्या पैलवानाला पाडलं तेव्हा दारासिंग पडद्यावर हिरो होताच. पण कुस्तीतून निवृत्त झाला १९८३ला. रामायणातला हनुमान त्याच्याही नंतर, साठीला टेकताना. पडद्यापायी आखाडा सोडला नव्हता गड्यानं.

थाळी कितीची फेकतो ते कळवा. अठरा वर्षांखालच्यांची दीड किलोची की वीस वर्षांखालच्यांची पावणेदोनची? आणि मीटर किती?

वाईकर
मी शूटिंगला माणसं पुरवतो, म्हणून बोलतो. उंच पोरगा सगळ्यांना पाहिजे असतो, पण मागच्या रांगेत. पुढं आणला की हिरो बुटका दिसतो. दिवसभर उन्हात फायबरची ढाल धरायची आणि "हर हर महादेव" ओरडायचं, तेही नंतर स्टुडिओत दुसऱ्याच्याच आवाजात भरतात. आणि "मुंबईला ये" तर आमच्याकडं चहावालापण म्हणतो. त्या माणसाचा नंबर घेतलाय का?

कृष्णाकाठ
@वाईकर चहावाल्याचा नंबर द्या, माझीपण उंची बरी आहे.

तासगावची आत्या
नंबर नाही घेतला. मेनवलीच्या घाटावर भेटला होता म्हणे, काळा गॉगल, एवढीच ओळख! सर, थाळी दीड किलोची आहे. मीटर विचारले तर "आत्या, तुला काय कळतंय" म्हणाला. तुमचं लिहिलेलं जेवताना वाचून दाखवलं. मान वर केली नाही. रात्री पाणी प्यायला उठले तर मोबाइलवर भीमाची गदा मागंपुढं करून बघत बसला होता, आवाज बंद करून. आज वहिनीचा फोन आला. दुधाच्या पातेल्यावर सकाळी खलबत्त्याचा खल होता म्हणाली.