लिथियम सुरू आहे आणि नागपूरचा मे: हात थरथरतोय, रक्तातली लेव्हल करावी का?

मानेवाडा_चौक
बाबांचं वय 61. बायपोलरसाठी (मूड टोकाला जाण्याचा आजार) तीन वर्षांपासून लिथियम 300 ची एक गोळी सकाळी, दोन रात्री. जानेवारीत लेव्हल 0.7 होती. आता पारा 45 च्या वर आहे. दुकानात कूलर आहे, तरी घामाने शर्ट भिजतो. मागच्या महिन्यात बीपी निघालं, दुसऱ्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टनची गोळी दिली आणि मीठ कमी करा म्हणाले, तेव्हापासून आई त्यांचं जेवण अळणीच करते. गुडघा दुखला की डायक्लोफेनॅक घेतात. दोन आठवड्यांपासून चहाचा कप धरताना हात थरथरतो, तहानही फार लागते. हा नेहमीचा साइड इफेक्ट समजायचा का? उन्हाळ्यापुरती रात्रीची एक गोळी कमी केली तर चालेल?

क्षार_आणि_किडनी
लेव्हल उद्या सकाळीच करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. घाम, अळणी जेवण, टेल्मिसार्टन आणि डायक्लोफेनॅक, या चारही गोष्टी लिथियमची लेव्हल वरच नेतात, आणि बाबांच्या बाबतीत चारही एकाच महिन्यात जुळून आल्या आहेत.

कारण असं, की लिथियम हा सोडियमसारखाच क्षार आहे. लिव्हर त्याला हात लावत नाही, तो जवळजवळ सगळा लघवीवाटेच बाहेर पडतो. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी सोडियम धरून ठेवू लागते, आणि सोडियमसोबत लिथियमही परत रक्तात ओढते. गोळ्या तेवढ्याच राहतात, रक्तातलं प्रमाण चढत जातं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक या गोळ्यांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो, मग लिथियम आणखी साचतं. डायक्लोफेनॅक आजच बंद करा. गुडघ्याला पॅरासिटामॉल चालेल.

थरथर दोन तऱ्हेची असते. हात समोर ताणून बोटांवर कोरा कागद ठेवा. कागदाची कड बारीक, भरभर हलत असेल तर तो बहुधा नेहमीचा परिणाम. पण हात जाडाभरडा हलतोय, चमच्यातलं वरण सांडतंय, चालताना तोल जातोय, जीभ जड होऊन बोलणं अडखळतंय, उलट्या-जुलाब सुरू झालेत किंवा माणूस गुंगीत आहे, यातलं काहीही दिसलं तर ती विषबाधा समजा. पुढची गोळी देऊ नका आणि लगेच नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठा, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या. रिपोर्टची वाट पाहत घरी बसू नका. धोका साधारण 1.5 च्या वर सुरू होतो असं मानतात, पण साठीपुढच्या माणसाला त्याहून कमी लेव्हलवरही त्रास होतो. अशा वेळी आकड्यापेक्षा लक्षणांवर जास्त विश्वास ठेवा.

रात्रीची गोळी मात्र आपल्या मनाने कमी करू नका. डोस अचानक तुटला की मेनिया (अति उत्साहाचा झटका) परत येण्याचा धोका खरा असतो. किती कमी करायचं ते लेव्हल पाहून डॉक्टर ठरवतील.

लाल_टोपण
रक्त कधी आणि कशात घेतलं यावर रिपोर्ट अवलंबून आहे. शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी रक्त द्यायचं: रात्री 9 ला गोळी, सकाळी 9 ला रक्त, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर. गोळी घेऊन गेले तर आकडा उगाच वर येतो आणि डोस चुकीचा कमी होतो. नळीकडेही लक्ष असू द्या. हिरव्या टोपणाच्या बऱ्याच नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपरिन असतं, त्यात घेतलं तर लेव्हल खोटीच जास्त दिसते. लाल किंवा पिवळ्या टोपणाची मागा. त्याच सुईत क्रिएटिनिन (किडनीसाठी), सोडियम, पोटॅशियम, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि कॅल्शियमही करून घ्या. दीर्घकाळ लिथियम घेणाऱ्याच्या थायरॉइडकडे दर सहा महिन्यांनी पाहावंच लागतं.

मानेवाडा_चौक
पट्टी पाहिली. टेल्मिसार्टन 40 च्या खाली हायड्रोक्लोरोथायाझाइड 12.5 लिहिलंय. अळणी बंद करायचं का? आणि ओआरएस रोज द्यावं का?

क्षार_आणि_किडनी
ही दुसरी गोष्ट जास्त काळजीची. हायड्रोक्लोरोथायाझाइड लघवी वाढवणारं औषध आहे, सोडियम बाहेर काढतं, आणि त्याने लिथियमची लेव्हल 25 ते 40 टक्के वाढू शकते. आजच दोन्ही डॉक्टरांना फोन करा आणि एकाचं औषध दुसऱ्याला सांगा, असे घोटाळे बहुतेक इथेच होतात. बीपीची गोळीही स्वतःहून सोडू नका. लिथियमसोबत अॅम्लोडिपिनसारखा पर्याय बरेचदा निवडतात, ते त्यांना विचारा.

मिठाचं म्हणाल तर रोज सारखं ठेवा. वरून मीठ, पापड, लोणचं बंद, पण वरण-भाजी घरच्या सगळ्यांसारखी, आईंना एवढंच सांगा. ओआरएस जुलाब-उलट्या झाल्या तरच, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, आणि तेव्हाही डॉक्टरांना कळवून. रोज पाजलंत तर जास्तीच्या सोडियमने लिथियम बाहेर पडून लेव्हल खाली येईल. पाणी दिवसाला अडीच-तीन लिटर, थोडं थोडं, लघवी फिक्या रंगाची राहील इतकं. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच. उपवासाच्या दिवशीही पाणी चुकवू नये. रोजचा चहाही एकदम तोडू नका, चहा-कॉफी बंद झाली की लेव्हल चढते.

शिफ्ट_नर्स
हात कडक होतात म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल सुरू असेल तर तेही सांगा. त्याने घाम कमी येतो, अंग तापत राहतं आणि ऊन लवकर लागतं. दुपारी 12 ते 4 दुकानात दुसऱ्याला बसवा. पहिला पाऊस पडून दमट झालं की कूलरचा उपयोग राहत नाही, म्हणून जूनमध्येही हीच काळजी घ्या.

क्षार_आणि_किडनी
बीपीची गोळी बदलली की लिथियमची लेव्हल खाली येईल. म्हणून बदलानंतर 5 ते 7 दिवसांनी पुन्हा त्याच वेळेला रक्त द्या. त्या आठवड्यात बाबा रात्री किती तास झोपतात ते लिहून ठेवा. झोप तीन-चार तासांवर आली आणि तरीही ते ताजेतवाने वाटले, तर ती मेनियाची सुरुवात असू शकते, रिपोर्ट यायच्या आधीच डॉक्टरांना कळवा.