कृष्णेत सोडायला तरंगता ट्रॅकर

कराडकर: वाईहून प्रीतिसंगमापर्यंत डबा वाहत कसा जातो बघायचंय, ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड), निओ-६एम जीपीएस नि सिम८००एल (सिमकार्डवरून मेसेज पाठवणारं मॉड्यूल) जोडलंय पण मेसेज पाठवताना सारखं रिसेट होतंय, काय करू?

जुनासोल्डर: सिम८००एल क्षणभर २ अँपिअरपर्यंत खेचतं राव, व्होल्टेज बसतं. १८६५० सेलवरून (रिचार्जेबल लिथियम सेल) थेट जाड वायरी दे, मॉड्यूलच्या पायांशीच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव, तो क्षणभराची गरज भागवतो.

पाणकोंबडी: सेल तळाशी ठेव, डबा उलटला तर अँटेना पाण्यात गेली न सिग्नल संपला! आणि खोडशीच्या बंधाऱ्याला अडकणार बघ.

कराडकर: कपॅसिटरने जमलं! बंधाऱ्यावर मित्राला जाळं घेऊन बसवतो, वडापावच्या बोलीवर 😄