मुलीचं नाव तमस्विनी: ठेवावं की नाही?

डिचोलीची आत्या

भावाला मुलगी झाली आहे. रविवारी बारसं. आमच्याकडे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. भाऊ-वहिनीने नाव काढलंय तमस्विनी. अर्थ रात्र, काळोखाने भरलेली ती तमस्विनी. त्यावरून घरात दोन तट पडलेत. आई म्हणते, "चली सांवळी, आनी नांवय काळोखाचें?" म्हणजे पोर सावळी, आणि नावही काळोखाचं? काकांनी भटजींकडे जाऊन रास बघून आणली. तूळ, अक्षर 'त' बसतं, पण येताना "तेजस्विनी ठेवा" असा निरोपही घेऊन आले.

मी या नावाच्या बाजूने आहे. रात्रीची नावं आपल्याला नवी नाहीत. निशा, रजनी, यामिनी, शर्वरी, विभावरी घरोघरी आहेत. अमरकोशात रात्रीचे शब्द दिलेत, तिथे विभावरी, तमस्विनी, रजनी, यामिनी एका ओळीत लागोपाठ येतात. विभावरी चालते, रजनी चालते, यामिनी चालते आणि मधोमध बसलेली तमस्विनी तेवढी अशुभ? मुलग्यांची नावं बघा. रजनीकांत, निशिकांत म्हणजे चंद्र. निशांत म्हणजे रात्रीचा शेवट. रात्र घ्यायची ती चंद्रापुरती, नाहीतर ती सरली हे सांगण्यापुरती. तिच्यातला काळोख मात्र नावात ऐकू येता कामा नये.

माझा खरा राग आईच्या त्या एका वाक्यावर आहे. पोर गोरी असती तर हेच नाव सगळ्यांना वेगळं आणि छान वाटलं असतं. अजून डोळे नीट न उघडलेल्या पोरीच्या रंगावरून घरात चर्चा चालते हे मला सहन होत नाही.

मतं स्पष्ट लिहा. "तुमची मुलगी, तुमची मर्जी" एवढंच लिहून जाऊ नका.

पेडणेकरीण

ठेवू नका.

माझं नाव श्यामला. आजोबा भजनी मंडळात होते, विठ्ठलाचे भक्त. सावळी नात झाली म्हणून आनंदाने, कौतुकाने त्यांनी ते नाव ठेवलं. त्यांच्या प्रेमात काही कमी नव्हतं. पण नाव घेऊन शाळेत मी गेले, आजोबा नाही गेले. गॅदरिंगच्या नाचात बाईंनी माझ्या तोंडाला पावडर थापली. हनुवटीपर्यंत पांढरी, खाली मान माझ्या रंगाची, मध्ये सरळ रेघ. तो फोटो अजून घरी आहे, मी अल्बममधून काढून ठेवलाय. पुढे लग्नाचं बघायला लागले तेव्हा फोटो मागायच्या आधीच पलीकडून विचारायचे, "नावासारखीच आहे का?"

तुम्ही म्हणता लोक चुकीचे आहेत. चुकीचेच आहेत. पण त्यांना सुधारायचं काम बारा दिवसांच्या मुलीवर का टाकता? आईच्या वाक्याचा तुम्हाला राग आला, ठीक. मला त्या वाक्यात भीती ऐकू येते. बहुतेक त्यांनीही आयुष्यात काही ऐकून घेतलेलं असणार.

बारदेसकार

निवृत्त शिक्षक, म्हापशाला राहतो. श्यामलाताईंचं वाचून वाईट वाटलं, पण त्यांना नाव बदलून सुटका मिळाली असती असं मला वाटत नाही. माझ्या वर्गात एक सावळी गौरी होती. हजेरीला तिचं नाव घेतलं की मागच्या बाकावरून हसू यायचं. तिला बिचारीला उजेडाचं नाव असून जास्त सोसावं लागलं. पोरं रंग बघतात, मग हाताशी जे नाव असेल ते वापरतात. अर्थ शोधत कोणी कोश उघडत नाही.

आत्याबाईंनी एका वेगळ्या गोष्टीचा विचार करावा. या मुलीला जन्मभर तपस्विनी म्हणतील. दाखल्यावर कारकून तपस्विनी लिहील, आधार कार्डावर तेच येईल, दहावीच्या गुणपत्रिकेवर तिसरंच काही येईल. नावांच्या दुरुस्त्या करताना पालकांच्या किती फेऱ्या होतात ते मी पाहिलंय. नाव ठेवाच, पण जन्मनोंदीच्या अर्जावर मोठ्या अक्षरात 'म' सुटा दिसेल असं लिहा, आणि दाखला हातात पडल्यावर तिथेच उभं राहून वाचा.

अंत्रुजी

वाद नावाच्या रंगावर चाललाय. माझा आक्षेप दुसरा आहे. रात्र आणि तम या दोन गोष्टी आहेत.

निशा, रजनी यांत तम नाही, वेळ आहे. तमस्विनीत तम आहे. गीतेच्या चौदाव्या अध्यायात तमोगुण प्रमाद, आळस आणि निद्रेने माणसाला बांधतो असं सांगितलंय. 'तामसी' हा शब्द आपण कुणाला कौतुकाने लावतो का? आणि ही मुलगी ज्या शाळेत जाईल तिथे रोज सकाळी हात जोडून म्हणावं लागेल, तमसो मा ज्योतिर्गमय. बृहदारण्यक उपनिषदात या मंत्राचा अर्थ तिथेच पुढे दिलाय: तम म्हणजे मृत्यू, ज्योती म्हणजे अमृत. जे दूर कर म्हणून देवाला रोज विनवायचं, तेच आपलं नाव! दहा-बारा वर्षांच्या मुलीने हे विचारलं तर आई-बापाकडे काय उत्तर आहे?

आपल्याकडे नरकचतुर्दशीला रात्रभर जागून पहाटे नरकासुर जाळतात, तुळशीपाशी कारीट हे कडू फळ फोडतात, मग दिवे लावतात. सगळा सण एकाच दिशेने जातो. त्याच्या उलट जायला काहीतरी मोठं कारण हवं, 'वेगळं नाव' हे कारण पुरत नाही.

म्हादईकाठ

अंत्रुजी, नरकासुराला मारलं कोणी? ज्याचं नावच काळा आहे त्याने. वद्य अष्टमीला मध्यरात्री जन्मलेला. नार्वेला पंचगंगेच्या काठी अष्टमीला माणसं स्नानाला जातात ती त्याच्याच जन्मासाठी. द्रौपदीचं एक नाव कृष्णा. व्यास कृष्णद्वैपायन. ज्यांच्यावर महाभारत उभं आहे त्यातले तिघं नावानेच काळे आणि हे नाव ठेवणारे आपलेच पूर्वज.

आणि गोव्यात राहून रात्रीला अशुभ कसं म्हणता? आमच्या सत्तरीत देवचार, म्हणजे गावाचा राखणदार, रात्रीचाच राखण करत फिरतो. आमोण्याच्या वेताळाला विचारा. गावोगाव वेताळाला व्हाणा अर्पण करतात, कारण तो रात्री हद्दीवर चालतो आणि त्याच्या व्हाणा झिजतात अशी श्रद्धा. कासारपालला कालिका आहे. सहाव्या रात्री सटी पुजून आपण जागतो, कारण ती बाळाचं नशीब रात्रीच लिहून जाते. नजर लागू नये म्हणून तीट लावतो तीसुद्धा काजळाची. बाळाच्या राखणीला काळोख चालतो, मग नावाला का नाही?

ऋग्वेदात दहाव्या मंडलात १२७वं सूक्त रात्रीचं आहे. तिथे ती आकाशाची कन्या आहे, उषेची बहीण. पक्षी झाडावर परततात तसे आम्ही तुझ्याकडे परतलो, लांडग्याला आणि चोराला दूर ठेव, असं तिला सांगितलंय.

अंत्रुजी

सूक्त पूर्ण वाचा. त्यातच ती रात्र आपल्या तेजाने तमाला हटवते असं आहे. आणि सातव्या ऋचेत काळा दाट तम माझ्यावर येऊन बसलाय, हे उषे, ऋण फेडून टाकावं तसा तो दूर कर, अशी प्रार्थना आहे. मी वर म्हटलं तेच ऋषीने केलंय. रात्रीला हात जोडले, तमाला नाही. देवचार, वेताळ, कालिका यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ते काळोखात राखण करतात. काळोखाची राखण करत नाहीत. कालिका नाव ठेवा, मी आनंदाने पेढा खायला येईन.

म्हादईकाठ

दोनच सूक्तं पुढे जा. १२९वं, नासदीय. सुरुवातीला तम तमानेच झाकलेला होता, आणि त्यातूनच पुढचं सगळं झालं. तिथे तम वाईट नाही, तिथे तम पहिला आहे.

पेडणेकरीण

दोघेही फार मोठ्या गोष्टी बोलताय. सूक्तं शाळेच्या मधल्या सुट्टीत कोणी म्हणत नाही. कृष्ण काळा चालतो, विठोबा काळा चालतो, सून मात्र गोरी लागते. देवाच्या रंगाने माणसाच्या घरात कधी काही बदललं नाही. मी तर कृष्णाचीच होते नावाने.

बारदेसकार सर, तुमच्या गौरीचं खरं असेल. पण गौरीला निदान घरी आल्यावर म्हणता येतं की माझं नाव छान आहे, तेच वाईट आहेत. मला वाटायचं की आजोबांनाही मी अशीच दिसत होते.

मडगावचा बाबा

माझी मुलगी कियारा. हे नाव ठेवलं तेव्हा घरात, सोसायटीत, ऑफिसात सगळ्यांना आवडलं. नंतर अर्थ शोधला. इटालियन कियारा म्हणजे तेजस्वी. पण त्याच उच्चाराजवळचं आयरिश नाव आहे, ते 'काळा' या अर्थाच्या शब्दावरून आलंय. ओळखीच्यांत एक लैला आहे, अरबीत रात्र. एक मेलनी आहे, मूळ ग्रीक शब्द काळ्यासाठीचा. या तिघींच्या बारशाला किंवा बाप्तिस्म्याला कोणी 'अशुभ' म्हटलं नाही. परदेशी काळोख चालतो, संस्कृत काळोख कळतो म्हणून चालत नाही, असं दिसतंय. माझं मत: ठेवा.

अंत्रुजी

कळतो म्हणूनच चालत नाही, बरोबर. नाव हे कळणाऱ्या माणसांतच हाक मारायला असतं.

काणकोणकार

इथे एक गोष्ट विसरली जातेय. वाईट अर्थाची नावं मुद्दाम ठेवायची रीत आपल्याकडे होतीच. मूल जगावं, काळाची नजर चुकावी म्हणून दगडू, धोंडू, केरू. त्यामागे माया होती. पण मुलगी नको म्हणून नकुशा हे नावही ठेवलं गेलं, आणि २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं बदलण्याचा कार्यक्रम करावा लागला. दोन्ही नावं अर्थाने वाईट, पण धोंडूला कोणी नकोसा मानला नाही, नकुशाला मानलं. म्हणून मी अर्थापेक्षा हे विचारीन की घरातली माणसं ते नाव कुठल्या सुरात उच्चारणार? इथे आजीचा सूर आताच कडवट आहे. तो गोड झाल्याशिवाय नाव घालू नये. त्या बाळाला सगळ्यात जास्त हाका आजीच मारणार.

मधला मार्ग सुचवतो: तमसा. अक्षर तेच, तम तोच, पण नदी. राम वनवासाला निघाला तेव्हा पहिली रात्र तिच्या काठी काढली. वाल्मीकींनी क्रौंच पक्ष्याचा वध पाहिला तो तमसेच्याच काठी. नदीच्या नावाला आजी नाही म्हणणार नाही.

डिचोलीची आत्या

सगळं घरी वाचून दाखवलं. आई पेडणेकरणीच्या ओळींपाशी थांबली, पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली की तिच्या लग्नात तिची सासू, म्हणजे माझी आजी, आहेरापेक्षा जास्त तिच्या हातांकडे बघत होती. एवढंच. पुढे काही बोलली नाही. पेडणेकरीण, तुम्ही म्हणालात ती भीतीच होती, राग करायचाच तर तो तिच्यावर नव्हे.

तरीही मी नावाच्याच बाजूने आहे. सावळ्या मुलीला गोरं नाव देऊन आपण तिला पहिल्या दिवशीच सांगतो की तुझ्यात काही झाकण्यासारखं आहे. कृष्णा, श्यामला ही नावं माझ्या मते सुंदर आहेत, पण ती तिच्या कातडीचं वर्णन करतात. तमस्विनी रात्रीचं वर्णन करते. तिच्यात रंग नाही, विस्तार आहे. अंत्रुजी, तुमच्या मंत्राला माझं उत्तर एवढंच की आमच्या घरात ती प्रार्थना ती मुलगी म्हणेल आणि अर्थ विचारील तर तिची आई तिला तिथेच मृत्यूचा तम आणि रात्रीची तमस्विनी वेगळी करून सांगेल. तुम्ही जे दोन वेगळे आहेत म्हणालात तेच.

तमसा भावाला आवडलं. वहिनीला नाही. ती म्हणते, रामाने एक रात्र काढून पुढे निघून गेलेली जागा माझ्या मुलीला नको.

बारदेसकार

रविवारपर्यंत एकमत झालं नाही तर घाई करू नका. जन्माची नोंद नावाशिवाय होते. नाव नंतर घालता येतं, बारा महिन्यांपर्यंत शुल्क नाही, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. एकदा नाव चढलं की मात्र गोव्यात ते बदलायला १९९० चा नाव व आडनाव बदल कायदा लागतो, ते काम लांबतं. बारशाला पाळण्यातलं एक नाव घ्या, कागदावरचं सावकाश ठरवा.

अंत्रुजी

वेगळं करून सांगता येईल हे मान्य. पण ज्या नावाचा खुलासा आईला रोज करावा लागेल ते नाव का? माझा आक्षेप कायम आहे.

डिचोलीची आत्या

वहिनीने ठरवलं, कागदावर आणि पाळण्यात एकच नाव. मी रविवारी तेच सांगणार. पेडणेकरीण, वहिनीने तुमच्यासाठी निरोप दिलाय: शाळेत कोणी तिच्या तोंडाला पावडर लावायला आलं तर मी तिथे जाऊन उभी राहीन.

पेडणेकरीण

मग ठेवा. पण वहिनींना सांगा, गॅदरिंगला जाऊन भागणार नाही. सोयरीक बघायला माणसं येतील तेव्हाही उभं राहावं लागेल, आणि तेव्हा घरातलेच "जरा सांभाळून घे" म्हणतील. त्या वेळी आजी कुठल्या बाजूला बसतात ते आतापासून बघून ठेवा. माझं मत बदललेलं नाही.