बांबोच्चोची रोममधली चित्रं: गरिबांची थट्टा की कदर?

निळी_शाई:
पीटर व्हान लार हा हार्लेमचा डच चित्रकार. १६२५ च्या सुमारास रोमला गेला आणि पुढची बारा-तेरा वर्षं तिथले रस्तेच रंगवत बसला: फेरीवाले, भिकारी, गुत्त्यापुढे रेंगाळणारे, चुन्याच्या भट्टीपाशी जमलेले रिकामटेकडे. पाय लांब, धड आखूड, म्हणून लोकांनी नाव पाडलं 'इल बांबोच्चो', बेढब बाहुला. त्याच्यामागून तशीच चित्रं काढणारे पुष्कळ निघाले, ते बांबोच्चांती.

माझ्या मते ही चित्रं गंमत म्हणूनच खपली, आणि घेणारे सगळे बडे लोक. कवी-चित्रकार साल्व्हातोर रोझाने तेव्हाच सुनावलं होतं की जिवंत भिकाऱ्याकडे ढुंकून न बघणारे त्याचं चित्र मात्र हौसेने भिंतीवर लावतात. काय चुकलं त्याचं?

पारावरचा_अण्णा:
असहमत. रोझाचा टोला गिऱ्हाइकांना बसतो, चित्रांना नाही. व्हान लारचं कडीच्या आकाराचे पाव विकणाऱ्याचं चित्र बघा. त्यात हसण्यासारखं काय आहे? एक माणूस माल विकतोय, बस्स. पासेरी या चरित्रकाराने म्हटलंय की ही चित्रं म्हणजे उघडी खिडकी. 'गमतीची' हा शिक्का मारला तो देवदेवता आणि संत रंगवणाऱ्यांनी. १६५१ मध्ये अल्बानी आणि साक्की हे त्यातलेच दोन चित्रकार एकमेकांना पत्रं लिहून कुरकुरत होते, कलेची अब्रू गेली म्हणून! खरं दुखणं वेगळंच होतं: असली चित्रं धडाधड विकली जात होती.

निळी_शाई:
अण्णा, रोझाने चित्रकारांनाही सोडलेलं नाही. आणि व्हान लार काही भोळा नव्हता. १६३६ मध्ये प्राण्यांच्या कोरीव चित्रांची मालिका काढली ती थेट नेपल्सच्या व्हाइसरॉयला अर्पण करून. आश्रयदाता कुठे सापडतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

हळदीकुंकू_नको:
अहो, मग तेव्हा आश्रयदात्याशिवाय पोट कोणाचं भरत होतं? राफाएलचं?
मुद्दा असा की तो स्वतःलाही सोडत नाही. त्याचं जादूटोण्याच्या पसाऱ्यातलं आत्मचित्र पाहा. बाजूने सैतानाचे पंजे येताहेत आणि हा तोंड वासून किंचाळतोय. जो स्वतःचं असं सोंग काढतो त्याला गरिबांना हसणारा म्हणणं मला जड जातं.

निळी_शाई:
स्वतःवर हसलं की दुसऱ्यावर हसायचा परवाना मिळतो का?

पारावरचा_अण्णा:
परवान्याचं सोडा. त्याच्याच वाटेने गेलेला रोमचा चित्रकार चेरक्वोत्सी घ्या. १६४७ मध्ये नेपल्समध्ये फळांवरच्या करावरून मासानिएल्लो या कोळ्याचं बंड पेटलं, ते त्याने कोदात्सी या चित्रकाराच्या जोडीने रंगवलं. बाजाराचा तोच चौक, तीच खालच्या थरातली माणसं, फक्त इथे ती उठलेली आहेत. रस्त्यावरच्या माणसाला आधी कोणी चित्रात आणलंच नसतं, तर हे चित्र त्याला सुचलं असतं का?

निळी_शाई:
सुचलं असतं की नाही, कोण सांगणार. पण तेही चित्र आज स्पादा नावाच्या कार्डिनलच्या, म्हणजे चर्चमधल्या बड्या धर्माधिकाऱ्याच्या, रोममधल्या राजवाड्यातच टांगलेलं आहे, अण्णा.